अठरा पूर्ण होण्याआधीचे दोन महिने

कागदोपत्री माझा जन्म १ जून २००५ रोजी झाला. खरी तारीख सांगणारे कुणी नसले की शाळेच्या रजिस्टरात १ जून लिहायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझी आईही ‘पावसाच्या थोडी आधीची’ एवढेच सांगू शकली होती. एरवी या तारखेने कुणाचे फारसे अडत नाही. परंतु बालगृहात वाढणाऱ्या मुलीच्या आयुष्यात तिचे महत्त्व फार मोठे असते, कारण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षे पूर्ण होताच ती ‘बालक’ राहत नाही आणि बालगृहातील तिचे वास्तव्य संपते. २०२३ साली बारावीचा निकाल २५ मे रोजी लागला. पदवीच्या प्रवेशअर्जावर पत्ता लिहिण्याची वेळ आणि तो पत्ता सोडण्याची वेळ जवळजवळ एकाच आठवड्यात येणार, हे मला अकरावीतच दिसू लागले होते.

नाशिकमधील ज्या संस्थेत मी वाढले तिचे नाव मी येथे लिहिणार नाही. तिथे आजही लहान मुली राहतात आणि कायद्याचे कलम ७४ त्यांची ओळख उघड करण्यास मनाई करते. त्या मुलींपैकी ज्यांचे वय सोळा-सतराच्या घरात आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे.

माझी आई निफाड तालुक्यात द्राक्षबागांत मजुरी करीत असे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणी संपेपर्यंत आम्ही बागेतल्याच खोलीत राहत असू. मी तिसरीत असताना तिचा आजार बळावला, तिला नाशिकला सरकारी दवाखान्यात आणले आणि तिथेच ती गेली. वडील मी रांगत असतानाच नंदुरबार जिल्ह्यातील त्यांच्या गावी वारले होते. शेजारच्या खोलीतल्या मावशींनी मला पोलिसांकडे नेले, आणि अशा मुलाला २४ तासांच्या आत, त्याच्या काळजीविषयी निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते त्याप्रमाणे मला हजर करण्यात आले. त्या दिवसाचे मला फारसे आठवत नाही. समितीच्या आदेशाने मी बालगृहात आले, शाळेत गेले, आणि शिकले. त्या वर्षांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात काही ठिकाणी मतभेद येतील.

अकरावीच्या दिवाळीनंतर संस्थेत मुलींच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या नव्या परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) रुजू झाल्या. आम्ही त्यांना ताई म्हणत असू. त्यांनी मोठ्या मुलींना एकेक करून बोलावले आणि प्रत्येकीसमोर तिची फाइल उघडली. इतकी वर्षे त्या कपाटात माझ्या नावाची एक फाइल आहे हे मला ठाऊक होते, पण तिच्यात काय लिहिले आहे ते मी कधी पाहिले नव्हते. तिच्यात वैयक्तिक काळजी आराखडा असतो. आरोग्य, मनःस्थिती, शिक्षण, छंद, नातेसंबंध, स्वतंत्रपणे जगण्याची कौशल्ये अशा एकेका विषयासाठी त्यात रकाना असतो, आणि या सर्वांच्या आधी, पहिलाच रकाना असतो तो बालकाच्या स्वतःच्या अपेक्षांचा. माझ्या आराखड्यात त्या रकान्यात ‘काळजी व संरक्षण मिळावे’ असे लिहिलेले होते. शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या आराखड्यातही शब्दाशब्दाने तेच वाक्य होते. पुनर्वसनाच्या रकान्यात माझ्यासाठी लिहिले होते: १८ वर्षे पूर्ण झाल्यावर महिला वसतिगृहात हस्तांतरण, शिवणकामाचे प्रशिक्षण, योग्य स्थळ आल्यास विवाह.

“हे तू सांगितलं होतंस का?” ताईंनी विचारले.

“नाही.”

“मग ते बदलावं लागेल. आराखडा मुलाशी बोलून करायचा असतो, नियमातच तसं आहे.”

त्यांनी ते नियम मला वाचायला दिले. केंद्र सरकारचे आदर्श नियम २०१६ चे आहेत आणि महाराष्ट्राचे नियम २०१८ चे. त्यांतील मराठी जड होते, पण एकेक कलम पुन्हा पुन्हा वाचले तर कळत होते. कायद्याच्या कलम ३ मध्ये जी तत्त्वे दिली आहेत त्यांत सहभागाचे तत्त्व आहे: स्वतःवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत बालकाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या म्हणण्याला वजन द्यायचे आहे. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली, त्या संहितेतही हा हक्क आहे. पुढे कलम ४६ येते. त्यात म्हटले आहे की, १८ पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. यालाच अनुरक्षण म्हणतात. ते २१ वर्षांपर्यंत मिळते आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे २३ पर्यंत वाढवता येते. आणि ज्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली ते असे की, मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढील आयुष्याची योजना समितीला सादर करायची असते.

संस्थेत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींची बालसमिती होती आणि मी तिच्यात होते. जेवणाच्या वेळा, टीव्ही, सणांची तयारी हे विषय आम्ही दर महिन्याला बोलत असू. वय पूर्ण झाल्यावर आपले काय होते, हा विषय त्या बैठकीत तोपर्यंत कधीच निघाला नव्हता. बाहेर पडलेल्या मुलींविषयी आम्ही रात्री दिवे मालवल्यावर बोलायचो. कुणी कुणाच्या घरी कामाला लागली, कुणाचे लग्न झाले, कुणाचा फोन लागत नाही. या मुलींना अनुरक्षणाचा हक्क होता की नव्हता, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हते, आणि बहुधा त्यांनाही माहीत नव्हते. मला आजही सर्वांत जास्त बोचते ते हेच. योजना नसेल तर ती मागता येते. पण योजना असून ती जिच्यासाठी आहे तिच्या कानावरच गेली नसेल, तर ती मुलगी काय मागणार?

अधीक्षिका मॅडमचे मत वेगळे होते. एकट्या मुलीने बाहेर खोली घेऊन राहावे हे त्यांना पटत नव्हते, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. बाहेर पडून फसवल्या गेलेल्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात गेल्याही होत्या. लग्न झाले की मुलगी सुरक्षित, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. मला तो मान्य नव्हता आणि नाही. सुरक्षिततेचा उपाय म्हणून जिचे लग्न लावले जाते, तिला त्या घरात काही सोसावे लागले तर परत यायला जागा नसते, आणि ही गोष्ट सासरच्या माणसांनाही ठाऊक असते. शिवणकामाला माझा विरोध नव्हता. माझ्या मैत्रिणीने ते आवडीने निवडले आणि आज ती त्यावर उभी आहे. मला मात्र हिशेबात गती होती आणि वाणिज्य शाखेची पदवी घ्यायची होती.

ताईंनी सुचवल्याप्रमाणे मी समितीला स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. मला काय शिकायचे आहे, कुठे राहता येईल, महिन्याला खर्च किती येईल, त्यातला किती मी कमावू शकेन आणि किती साहाय्य लागेल, हे सारे त्यात होते. खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी ताई मला कॉलेज रोड परिसरातील मुलींची वसतिगृहे आणि खाणावळी दाखवायला घेऊन गेल्या. एका खाटेचे भाडे आणि अनामत रक्कम यांत काय फरक असतो, सुटीत खाणावळीचे पैसे कापले जातात की नाही, वीजबिल कुणी भरायचे, हे प्रश्न घरात वाढलेल्या मुलामुलींना आपोआप कळत जातात. आम्हाला ते कुणीतरी सोबत घेऊन शिकवावे लागतात. नियमांत ज्याला स्वतंत्रपणे जगण्याची कौशल्ये म्हटले आहे, त्यात माझ्या मते वर्गात बसवून दिलेल्या व्याख्यानापेक्षा अशी एक दुपार अधिक उपयोगी पडते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी समितीसमोर उभी राहिले. बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असावी लागते, आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. म्हणून तिथे जाताना मुलांच्या छातीत धडधडते. परंतु समितीने उंच चौथऱ्यावर बसू नये आणि तिच्यात व मुलात साक्षीदाराच्या पिंजऱ्यासारखा कोणताही आडपडदा असू नये, असेही नियमांत लिहिलेले आहे, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात तसेच होते. एक साधे टेबल, त्याच्या पलीकडे सदस्य आणि अलीकडे माझ्यासाठी खुर्ची. एका सदस्यांनी माझा अर्ज आधी वाचून ठेवला होता. त्यांच्या प्रतीवर पेनाच्या खुणा दिसत होत्या.

“बाळा, बाहेर एकटं राहायची भीती नाही वाटत?” त्यांनी विचारले.

“वाटते,” मी म्हणाले. “पण भीती वाटते म्हणून शिक्षण थांबवावं, असं मला वाटत नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि मग पैशांविषयी, अभ्यासक्रमाविषयी, मी आजारी पडले तर कुणाला फोन करीन याविषयी विचारले. शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा समितीने ताईंचे नाव संपर्कासाठी लिहून घेतले आणि मी बाहेर पडल्यानंतर ठरावीक काळाने माझी भेट घेऊन अहवाल द्यावा असे आदेशात घातले. अनुरक्षण म्हणजे दरमहा बँकेत येणारे पैसे, एवढेच बहुतेकांना वाटते. माझ्या आदेशातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाक्य हे भेटीचे होते. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा ज्या माणसाला निःसंकोच फोन करता आला, ते माणूस त्या एका वाक्यामुळे मला मिळाले होते.

समितीचा आदेश मान्य नसेल तर कलम १०१ नुसार ३० दिवसांच्या आत अपील करता येते. एरवी ते बाल न्यायालयात जाते, पण अनुरक्षणाविषयीच्या आदेशावरील अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचे असते. मला त्याची गरज पडली नाही. परंतु ती पडली तर काय, या विचाराने ताईंनी मला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय दाखवून ठेवले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुलगी १८ वर्षांची झाल्यावरही तिचा हा हक्क कायम राहतो. मुलग्याला मात्र त्यानंतर उत्पन्नमर्यादेसारख्या दुसऱ्या निकषात बसावे लागते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलग्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरी दमछाक झाली ती कागदपत्रांत. माझ्या आधारकार्डावर मधले नाव आईचे होते, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे होते आणि बँकेच्या पासबुकात मधले नावच नव्हते. तिन्ही ठिकाणी माणूस एकच, हे मला ठाऊक होते, पण संगणकाला ठाऊक नव्हते. शासनाकडून येणारी रक्कम थेट बँक खात्यात जमा होते आणि त्यासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते. नावे जुळली नाहीत तर जोडणी होत नाही. शिवाय माझे खाते अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्तीचे होते आणि अधीक्षिका मॅडमच्या सहीने चालत होते. ते १ जूननंतर माझ्या एकटीच्या नावे करून घ्यावे लागले, नव्याने फोटो, सही आणि ओळखपत्रे देऊन. संस्थेने मुलांच्या जन्मनोंदणीसाठी आणि ओळखपत्रांसाठी मदत करायची असते हे कलम ५३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. पण कागद काढणे आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणे, ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पंधराव्या वर्षी आधारमधील बोटांचे ठसे नव्याने घेतले जातात तेव्हाच उरकून घेतले, तर अठराव्या वर्षीचा अर्धा त्रास वाचेल असे माझे ठाम मत आहे.

अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रातील दीर्घ वास्तव्याचा पुरावा लागतो. भाडेकरार नाही, वीजबिल नाही, सातबारा तर नाहीच. माझ्याजवळ होते ते समितीचे आदेश, शाळेचे दाखले आणि संस्थेने लेटरहेडवर दिलेले वास्तव्याचे पत्र. सेतू केंद्रातील खिडकीवर आधी हे पत्र चालणार नाही असे सांगण्यात आले. ताईंनी समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत पुढे केली आणि त्यावरील शिक्का पाहून अर्ज घेतला गेला. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला सांगते की बाहेर पडताना कपड्यांच्या बॅगेआधी समितीच्या आदेशांच्या प्रमाणित प्रती मागून घ्या. आपण कुठून आलो आणि कुठे वाढलो हे सरकारी भाषेत सांगणारा तोच एक कागद आपल्याजवळ असतो.

अनाथ प्रमाणपत्राची कथा याहून लांब आहे. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे या तरुणीने स्पर्धा परीक्षेत अडवणूक झाल्यानंतर केलेल्या पाठपुराव्यामुळे २०१८ साली हा निर्णय झाला, आणि ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने त्यात ‘संस्थात्मक’ व ‘संस्थाबाह्य’ असे दोन प्रवर्ग केले. म्हणजे संस्थेत वाढलेली मुले आणि आई-वडील गमावल्यानंतर नातेवाइकांकडे वाढलेली मुले. मी पहिल्या प्रवर्गात येत होते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत विभागाच्या उपायुक्तांकडे जातो आणि त्यासोबत आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. आई नाशिकमध्ये दवाखान्यात वारल्यामुळे महापालिकेत तिची नोंद होती. दाखला हातात आल्यावर मी तो बराच वेळ वाचत बसले, कारण तिचे पूर्ण नाव छापील अक्षरांत मी पहिल्यांदाच पाहत होते.

वडिलांची नोंद सापडत नव्हती. मृत्यूची नोंद ज्या गावी मृत्यू झाला तिथेच असते, आणि एक वर्षानंतर नव्याने नोंद करायची म्हटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आईच्या बोलण्यात येणारे गावाचे नाव मला आठवत होते, पण त्या नावाची एकाहून अधिक गावे निघाली. शेवटी माझ्या प्रवेशाच्या वेळी तयार झालेल्या जुन्या सामाजिक तपासणी अहवालात शेजारच्या मावशींचा जबाब सापडला आणि त्यात तालुक्याचे नाव मिळाले. ताई आणि मी त्या गावी गेलो. ग्रामसेवकांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले, पाने उलटली, आणि नोंद निघाली. तो अहवाल लिहिणारे कर्मचारी कोण होते मला माहीत नाही. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीची चौकशी करताना त्यांनी शेजाऱ्याचा जबाब नीट घेतला आणि गावापुढे तालुकाही लिहिला, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. बालगृहात मूल येते त्या पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी थकून-भागून भरलेला कागद दहा वर्षांनी त्याच मुलाच्या हाती असा उपयोगी पडतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना कळावे असे मला मनापासून वाटते.

माझी मैत्रीण, जिच्या शिवणकामाचा उल्लेख वर आला, ती अनाथ नाही. तिची आई सुरगाणा तालुक्यात आहे, मनाने आजारी आहे आणि मुलीला सांभाळू शकत नव्हती. त्यामुळे तिला एक टक्का आरक्षण लागू नाही, आणि म्हणून तिला काहीच लागू नाही अशी तिची समजूत करून देण्यात आली होती. ती समजूत चुकीची होती. अनुरक्षण हे अनाथांपुरते नाही. काळजी व संरक्षणासाठी संस्थेत राहिलेल्या आणि वय पूर्ण झाल्याने बाहेर पडलेल्या कोणत्याही मुलाला त्यासाठी अर्ज करता येतो, मग त्याचे आई-वडील हयात असोत वा नसोत. नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय असल्याने तिथे चौकशी करणेही तिला सोपे गेले, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेची माहिती तिला तिथे मिळाली. आईच्या नावाची जातीची कागदपत्रे गावी होती. ती आणण्यासाठी ती अनेक वर्षांनी आईला भेटली. त्या भेटीविषयी तिने मला जे सांगितले ते तिचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अनुरक्षणाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. आधी ती २,००० होती. कॉलेज रोड भागात तीन मुलींच्या खोलीतील एका खाटेला आणि दोन वेळच्या खाणावळीला मिळून ही रक्कम पुरत नाही, म्हणून मी संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरले आणि सकाळी महाविद्यालयात जाऊ लागले. नावे जुळेपर्यंत पहिली रक्कम खात्यात येऊ शकली नव्हती. त्या मधल्या काळात दुकानाच्या मालकीणबाईंनी मला आगाऊ पगार दिला आणि वसतिगृहाच्या काकूंनी भाड्यासाठी थांबून घेतले. दोघींपैकी कुणालाही मी कुठून आले आहे हे मी आरंभी सांगितले नव्हते. पुढे सांगितले तेव्हा दोघींचे वागणे तसूभरही बदलले नाही. सर्वांनाच अशी माणसे भेटत नाहीत. म्हणून माझी एक मागणी आहे: बाहेर पडण्याच्या दिवशी मुलाच्या हातात निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च असावा आणि बँक व आधारची जोडणी त्याआधीच पूर्ण झालेली असावी. दोन महिने आधी योजना सादर करण्याचा नियम याचसाठी आहे, असे मी समजते.

मतदार नोंदणी, भाडेकरार आणि पोलिसांकडील भाडेकरूची नोंद ही कामे यथावकाश झाली. त्यांबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही, एवढेच की आधारवरील पत्ता संस्थेचाच ठेवू नये. तो बदलला नाही तर प्रत्येक टपाल बालगृहात जाते आणि प्रत्येक नव्या माणसाला आपला भूतकाळ न विचारता कळतो. तो कुणाला, कधी आणि किती सांगायचा हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. खासगीपणाचे तत्त्वही त्याच कलम ३ मध्ये आहे.

माझ्यामागून बाहेर पडलेल्या एका मुलीने औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेतला. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींच्या शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफीचा जो शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला, त्यात अनाथ प्रमाणपत्र असलेली मुले-मुलीही समाविष्ट आहेत, आणि तिच्याजवळ ते प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधी तयार होते. तिची फाइल सोळाव्या वर्षीच उघडली गेली होती. तिच्या आराखड्यातील पहिल्या रकान्यात तिने जवळजवळ पानभर लिहिले आहे, असे ताईंनी मला सांगितले, आणि तिला तसे लिहू देणाऱ्या अधीक्षिका त्याच आहेत हेही मी आवर्जून नोंदवते.

येत्या १ जूनला मला २१ वर्षे पूर्ण होतील. पदवीचे शेवटचे सत्र चालू आहे, आणि त्यानंतर एम. कॉम. करीत सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे जी.डी.सी. अँड ए. ची परीक्षा द्यायची असे मी ठरवले आहे. नाशिक जिल्ह्यात पतसंस्था आणि सहकारी सोसायट्या भरपूर आहेत आणि त्यांच्या लेखापरीक्षणाचे काम या पदविकेवर मिळू शकते. ही परीक्षा वर्षातून एकदा होते. त्यामुळे अनुरक्षण २३ वर्षांपर्यंत वाढवून मिळावे असा अर्ज मी फेब्रुवारीतच समितीकडे दिला आहे. मुदतवाढ ही अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे, म्हणून केवळ शिक्षण चालू आहे एवढे म्हणून मी थांबले नाही. महिन्याचा जमाखर्च, दुकानातील पगाराचे पत्र, आतापर्यंतच्या गुणपत्रिका आणि दोन वर्षांनी मी कोणत्या कामावर उभी असेन याचा आराखडा जोडला आहे. समितीने पाचव्या सत्राची गुणपत्रिका आणि महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र मागितले आहे. ते दोन्ही कागद या आठवड्यात मिळतील, आणि पुढच्या बैठकीला मी ते घेऊन जाणार आहे.